पुढे सॉलिड अॅक्सल बसवताना: आधी मोजमाप, मग ग्राइंडर

लहान फोर-बाय-फोर पिकअपचं पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होणारं) काढून त्या जागी सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा) बसवणं हे घरच्या शेडमध्ये होण्यासारखं काम आहे. नवख्यांना वाटतं, सगळी कसोटी वेल्डिंगची. मला तसं वाटत नाही. चांगला वेल्डर बोलावता येतो. पण अॅक्सल कुठे बसणार, किती कलणार, स्टिअरिंगचे रॉड कोणत्या कोनात येणार हे ज्याची गाडी त्यालाच ठरवावं लागतं, आणि गाडी रस्त्यावर सरळ चालणार की भरकटणार हे तिथेच ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मोजमापाला दिली आहे. एक नियम आत्ताच सांगून ठेवतो: चाकं पूर्ण वर-खाली आणि पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघेपर्यंत एकही पक्का वेल्ड मारायचा नाही. तोवर फक्त टॅक, म्हणजे सहज कापता येतील असे वेल्डचे छोटे ठिपके.

हे काम आपल्यासाठी आहे का

इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये पुढचा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरपेटी) चासीला बोल्ट केलेला असतो. दोन्ही चाकं दबली की चासी खाली येते आणि तिच्याबरोबर डिफरन्शियलही जमिनीच्या जवळ येतो. सॉलिड अॅक्सलमध्ये डिफरन्शियल चाकांच्याच ओळीत असतो. सस्पेन्शन कितीही दबलं तरी त्याखालची मोकळी जागा बदलत नाही. ती फक्त टायरच्या उंचीवर अवलंबून असते. दुसरा फायदा त्याहून मोठा. एक चाक दगडावर चढलं की तोच अॅक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळे उंचसखल जागी चारही टायर जमीन धरून राहतात. आणि गाडी उंच केली की इंडिपेंडंटमधल्या शाफ्टच्या वळत्या सांध्यांचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे, कोन वाढून ते लवकर जातात. सॉलिड अॅक्सलला ही अडचणच नाही.

आता तोटे. अख्खा अॅक्सल स्प्रिंगच्या खाली लटकत असल्याने स्प्रिंगखालचं वजन वाढतं. वेगात खडबडीत रस्त्यावर जाताना एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जाणवतो. गाडी उंच होते, वळणावर जास्त झुकते. दगड, नाले, चिखल यांतून हळू जायची आवड असेल तर हा बदल सार्थकी लागतो. बहुतेक किलोमीटर हायवेवर काढायचे असतील तर आहे तेच सस्पेन्शन नीट ठेवा, त्यातच शहाणपण आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी आपल्या भागातले वाहन बदलाचे नियम आणि विम्याच्या अटी लेखी पाहून घ्या. गाडी उघडून ठेवल्यावर त्याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

सुरुवात टायरपासून

उलटं वाटेल, पण पहिला निर्णय टायरचा. टायरवरून अॅक्सलची ताकद ठरते, गिअर रेशो ठरतो, गाडीची उंची ठरते. समजा आत्ता २९ इंची टायर आहेत आणि डिफरन्शियलचा रेशो ४.१० आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला त्याला फिरवणारा शाफ्ट ४.१० फेरे घेतो. ३३ इंची टायर लावले की प्रत्यक्षात गाडी ४.१० गुणिले २९ भागिले ३३, म्हणजे साधारण ३.६० रेशो असल्यासारखी वागेल. इंजिन दमेल, चढावर क्लच जळेल. पहिल्यासारखी ओढ हवी असेल तर ४.६७ च्या आसपासचा रेशो लागतो. बाजारात मिळणारे जवळचे आकडे ४.५६ आणि ४.८८. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने ३३ इंचांवर थांबावं असं माझं मत आहे. ३५ वर गेलं की बॉडी कापणं, ब्रेक वाढवणं, जॉइंट बदलणं असा एकामागोमाग एक खर्च मागे लागतो.

अॅक्सल निवडताना

जुना अॅक्सल विकत घेताना पहिली गोष्ट बघायची ती डिफरन्शियलची बाजू. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतून) पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद अॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) ज्या बाजूने निघतो, डिफरन्शियलचा गोळाही त्याच बाजूला हवा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर पाहिलं तर टोयोटा पिकअपचा गोळा उजवीकडे असतो, जीप रँग्लरचा डावीकडे. हे जुळलं नाही तर शाफ्ट इंजिनखालून तिरका न्यावा लागेल आणि ते होत नाही. अॅक्सल कितीही स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या.

मग रुंदी. टेप ड्रमच्या कडेपासून नव्हे, चाक जिथे टेकतं त्या पृष्ठभागापासून समोरच्या तशाच पृष्ठभागापर्यंत लावायची. पुढचा-मागचा फरक दर बाजूला इंचभर असेल तर चालतं. जास्त असेल तर हब बदलून किंवा चांगल्या प्रतीचे व्हील स्पेसर लावून तो भरून काढता येतो. चाकाच्या बोल्टची रचना मागच्याशी जुळली तर उत्तम, नाहीतर स्टेपनी दोन ठेवाव्या लागतात.

रेशोच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर फोर-व्हील लावली की दोन अॅक्सल एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसचा बळी जातो. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः मोजा. पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये ताकद आत नेणाऱ्या गिअरच्या) फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, खडूची खूण करा. अॅक्सल साध्या, म्हणजे लॉक नसलेल्या, डिफरन्शियलचा असेल तर एका बाजूचा हब कोणालातरी घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिनियन जितके फेरे घेईल तो रेशो. चार फेऱ्यांहून जरासा पुढे गेला तर ४.१०, साडेचारच्या किंचित पुढे गेला तर ४.५६. दोन फेरे का, तर एक बाजू अडवल्यावर डिफरन्शियलच्या आतला पिंजरा सुट्या बाजूच्या निम्म्या गतीने फिरतो.

उदाहरण म्हणून टोयोटा घेऊ, कारण या कामाचा सगळ्यात रुळलेला रस्ता तोच आहे. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपला १९७९ ते १९८५ पर्यंत पुढे पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) सॉलिड अॅक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून टॉर्शन बारवालं (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं) इंडिपेंडंट आलं. इतर अनेक देशांत हायलक्सला सॉलिड अॅक्सल त्यानंतरही मिळत राहिला. म्हणून १९८६ ते १९९५ च्या पिकअपखाली त्याच घराण्यातला जुना अॅक्सल घालणं सोपं जातं: गोळ्याची बाजू तीच, चाकाचे सहा बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर तसेच, आणि ४.१० रेशो दोन्हीकडे सहज सापडतो. एकच फरक आहे. १९८६ नंतरचा मागचा अॅक्सल जुन्यापेक्षा सुमारे तीन इंच रुंद आहे, त्यामुळे पुढची चाकं आत गेलेली दिसतात. इंडिपेंडंटचेच हब जुन्या अॅक्सलवर चढवले की दर बाजूला दीड इंच मिळतो आणि हिशेब बरोबर जुळतो. तुमची गाडी दुसरी असेल तर अॅक्सल वेगळा येईल, पण तपासण्याचा क्रम हाच.

अॅक्सल आधी टेबलावर

जुना अॅक्सल जसा आला तसा गाडीखाली घालू नका. सगळं उघडायचं, धुवायचं, बेअरिंग आणि सील नवे टाकायचे. हे काम टेबलावर आरामात होतं. गाडीखाली झोपून करायला गेलात तर वैताग येतो.

टोयोटाच्या अॅक्सलमध्ये दोन्ही टोकांना एक पोकळ गोळा असतो आणि त्यावर नकल (चाक धरून स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) वळतो. आत चाक वळलं तरी ते फिरवत राहणारा बर्फील्ड जॉइंट ग्रीसमध्ये बुडालेला असतो. नकल उघडल्यावर काळं, दाट ग्रीस दिसलं तर ठीक. पातळ, ताकासारखं काही वाहायला लागलं तर समजा अॅक्सलच्या आतलं ऑइल सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळलं आहे. असं तेल पुढे ब्रेकवरही येतं. सील बदला, पण सील ज्या पृष्ठभागावर घासतं तिथे शाफ्टला नखाने चाचपून बघा. नख अडकेल एवढी खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

मग नकल हाताने सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मधोमध तो किंचित अडकल्यासारखा वाटला, तर वरखालच्या बेअरिंगच्या वाट्यांत रोलरचे ठसे पडले आहेत. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर एकाच जागी मार खाल्ल्याने हे होतं. ती बेअरिंग हसत हसत बदला, कारण अशी बेअरिंग ठेवली तर पुढे स्टिअरिंग मध्यावर परत येत नाही आणि माणूस कॅस्टरला (नकलच्या कलाला, तो पुढे येईलच) दोष देत बसतो. बेअरिंगखालच्या पातळ शिम (चकत्या) कोणत्या बाजूच्या, वरच्या की खालच्या, हे लिहिलेल्या पिशव्यांत वेगळ्या ठेवा. नकल अॅक्सलच्या मध्यरेषेवर राहतो तो त्या शिममुळेच. हब बेअरिंगचा दाब सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यानेच बसवायचा, अंदाजाने नाही.

अॅक्सलच्या नळीला वरून आधारपट्टी जोडायचा मोह होतो. जोडायची असेल तर दोन-दोन इंचांचे तुकड्या-तुकड्यांचे वेल्ड, आलटून-पालटून दोन्ही बाजूंना, आणि मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ देत. एका दमात वेल्ड ओढला तर उष्णतेने नळी वाकते आणि मग टायर एका कडेने झिजत राहतात.

पाटे की कॉइल

नवख्याने पाटेच घ्यावेत, यात माझ्या मनात शंका नाही. पाटा वजन उचलतो आणि अॅक्सलला पुढे-मागे, आडवं सरकण्यापासूनही तोच धरून ठेवतो. दर बाजूला पुढे एक पक्का हँगर (पाट्याचं टोक धरणारा ब्रॅकेट) आणि मागे एक शॅकल (झुलणारी कडी), एवढंच चासीला जोडायचं. कॉइल लावायच्या तर अॅक्सल धरायला वेगळे लिंक आणि पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) लागतात. तो पॅनहार्ड रॉड ड्रॅग लिंकशी (स्टिअरिंग बॉक्सपासून नकलकडे जाणाऱ्या रॉडशी) समांतर आणि जवळपास तितक्याच लांबीचा नसेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. चालायला छान गाडी होते, पण पहिल्या खेपेला तो व्याप नको.

शॅकल मागच्या टोकाला ठेवा. पुढचं टोक स्थिर असलं की चाक दगडाला धडकताना अॅक्सल वर जाता जाता जरासा मागे सरकतो आणि धक्का सौम्य होतो. पाटा दबला की लांबतो, शॅकलचं खालचं टोक मागे जातं. त्याला तेवढी मोकळी जागा हवी. उलट चाक पूर्ण लोंबलं तेव्हा शॅकल पुढे येऊन उलटी पडता कामा नये. उलटी पडलेली शॅकल चाक टेकल्यावर सरळ होत नाही आणि पाटा मोडतो. हँगरची जागा ठरवताना ही दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवली की पुष्कळ त्रास वाचतो.

कापण्याआधीची मोजणी

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. फरशी कललेली असेल तर चासीखाली लेव्हल लावून जॅकने गाडी सरळ करून घ्या. आता ओळंबा काढा. मागच्या अॅक्सलचा मध्य, पुढच्या हबचा मध्य आणि चासीवरची कारखान्याची दोन-तीन भोकं, हे सगळे बिंदू ओळंब्याने जमिनीवर उतरवा आणि खडूने खुणा करा. डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर, दोन्ही कर्ण, चासीची जमिनीपासूनची उंची हे सगळं वहीत लिहा. गाडी उघडल्यावर मूळ चाक कुठे होतं हे सांगायला या खुणांशिवाय काहीही उरत नाही. जमिनीवरच्या खुणा पुसू नयेत म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावून पेनने गिरवा.

नवा अॅक्सल मूळ जागेपेक्षा इंच-दीड इंच पुढे घेतला तर मोठा टायर वळताना मागच्या बाजूला बॉडीला घासत नाही. त्यापेक्षा पुढे नेलं तर पुढचा बंपर आणि स्टिअरिंग आड येतं.

जुनं काढणं

जॅक फक्त उचलायला असतो. उचलून झालं की गाडी चासीखालच्या भक्कम घोड्यांवर (स्टँडवर), आणि हाताने हलवून खात्री करून मगच खाली जायचं. बॅटरी काढून बाजूला ठेवा. पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या कापकामाच्या जागेपासून सोडवून लांब बांधा. ठिणग्या कुठे उडतात ते दिसत नाही, म्हणून अग्निशामक हाताशी हवा आणि काम संपल्यावर अर्धा तास शेड सोडून जायचं नाही.

टॉर्शन बार असलेल्या गाडीत सर्वात आधी बारचे अॅडजस्टिंग बोल्ट पूर्ण सैल करून ताण काढून टाका. हे न करता चाक धरणाऱ्या आर्मचा बोल्ट काढला तर आर्म इतक्या जोरात सुटतो की हाड मोडतं. मग शाफ्ट, आर्म, डिफरन्शियल, सगळं बोल्टनेच निघतं. त्यानंतर उरतात ते चासीला वेल्ड केलेले ब्रॅकेट आणि खालचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई).

क्रॉसमेंबर कापण्याआधी चासीच्या दोन रेल्समध्ये (लांब तुळयांमध्ये) एक जाड नळी आडवी टॅक करून घ्या. तो क्रॉसमेंबर दोन्ही रेल्स एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून असतो. तो गेला की रेल्स काही मिलिमीटर उघडू किंवा मिटू शकतात. इंजिन माउंट आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जवळचं काहीही घाईने कापू नका. ब्रॅकेट चासीपासून चार-पाच मिलिमीटर सोडून कापा, उरलेला भाग फ्लॅप डिस्कने सावकाश उतरवा. बहुतेक लहान पिकअपच्या चासीचा पत्रा तीन मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यात ग्राइंडर रुतला तर तिथेच कमजोरी राहते.

चासी उघडी झाली की वायर ब्रशने घासून स्टिअरिंग बॉक्सभोवती बारीक लक्ष द्या. अनेक गाड्यांत बॉक्सच्या बोल्टपासून केसासारखी चीर निघालेली असते. मोठे टायर लागल्यावर ती वाढणारच, म्हणून आत्ताच प्लेट मारून घ्या.

अॅक्सल जागेवर आणणं

पाटे, यू-बोल्ट आणि टायरसकट अॅक्सल गाडीखाली ढकला. पुढचे हँगर आणि शॅकलचे हँगर चासीला टॅक करा, चारही टॅक मजबूत पण लहान. मागच्या शॅकलची नळी चासीच्या पोटातून जात असेल तर ती दोन्ही भिंतींना जोडली गेली पाहिजे. एकाच भिंतीवर लटकणारी नळी चासी फाडते.

आता गाडी घोड्यांवरून उतरवा, पूर्ण वजन टायरवर येऊ द्या, थोडी दाबून हलवा म्हणजे पाटे बसतील. पाट्याची खरी उंची आणि शॅकलचा खरा कोन वजन आल्यावरच कळतो. घोड्यांवर असताना सगळं बरोबर दिसतं आणि तेच फसवं असतं. या अवस्थेत ओळंबा पुन्हा काढा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस आणि दोन्ही कर्ण जुळेपर्यंत टॅक कापा, सरकवा, पुन्हा टॅक मारा. दोन्ही बाजूंत तीन मिलिमीटरच्या आतला फरक हे घरी सहज गाठता येणारं उद्दिष्ट आहे.

मग येतो कॅस्टर. नकल वर आणि खाली ज्या दोन बिंदूंवर वळतो, त्यांना जोडणारी रेषा बाजूने पाहिली तर तिचं वरचं टोक मागे कललेलं हवं. या कलामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. मोठ्या टायरच्या, उंच केलेल्या गाडीला ४ ते ६ अंश चांगले. कमी ठेवला तर गाडी हायवेवर डावी-उजवीकडे भटकते. नकलच्या वरच्या सपाट भागावर अँगल मीटर ठेवून दोन्ही बाजू मोजा.

इथे एक पेच आहे. अॅक्सल मागे कलवला की कॅस्टर वाढतो, पण पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन वाढतो. पिनियन वर करावा तर कॅस्टर जातो. दोन्ही एकाच तुकड्याला जोडलेले आहेत, त्यामुळे एकाला झुकतं माप द्यावंच लागतं, आणि ते कॅस्टरला द्या. पुढच्या हबला फ्री-व्हीलिंग लॉक (चाक शाफ्टपासून सुटं करणारे) असतील तर साध्या रस्त्यावर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, तेव्हा थरथर होण्याचा प्रश्न येत नाही. कच्च्या रस्त्यावर वेग कमी असतो. कोन फारच वाढला तर ट्रान्सफर केसकडे डबल जॉइंटवाला शाफ्ट लावा. थोडा फरक पाट्याखाली पाचर घालूनही निघतो, पण पाचर पोलादी घ्या. अॅल्युमिनियमची दबून फुटते.

स्टिअरिंग

या लेखातला हा भाग दोनदा वाचा.

जुन्या सॉलिड अॅक्सलच्या गाड्यांत पुष्कळदा ड्रॅग लिंक चासीच्या बाजूने पुढे-मागे धावते. पाटा दबला की अॅक्सल पुढे-मागे सरकतो, ड्रॅग लिंक ढकलली जाते आणि चाक आपोआप वळतं. यावर तोडगा म्हणजे आडवं स्टिअरिंग: बॉक्सचा पिटमन आर्म (त्यातून निघणारा हात) डावी-उजवीकडे हलतो, तिथून ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीभर आडवी जाऊन पलीकडच्या बाजूच्या नकलला जोडते, आणि दोन्ही नकल टाय रॉडने बांधलेले असतात. इंडिपेंडंट टोयोटाचा मूळ बॉक्स आधीपासून आडवाच हलणारा असतो, म्हणून तो जागेवरच ठेवता येतो. फक्त पिटमन आर्म सपाट घ्यायचा आणि नकलवर वरून बसणारे स्टिअरिंग आर्म लावायचे.

गाडी वजनावर उभी असताना ड्रॅग लिंक जितकी आडवी तितकी चांगली. ती तिरकी असेल तर चाक वर गेलं की तिचं टोक वर्तुळात फिरतं आणि नकलला बाजूला ओढतं. स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही गाडी खड्ड्यात झटका देते त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक तयार, जाड भिंतीच्या नळीचे आणि आटे पाडलेले घ्या. स्टिअरिंगचा कुठलाही भाग घरी वेल्ड करू नका. तो तुटला तर गाडी थांबवायची संधीही मिळत नाही.

टो, म्हणजे दोन चाकांतल्या पुढच्या आणि मागच्या अंतरातला फरक, पुढच्या बाजूला दीड ते तीन मिलिमीटर आत ठेवा. टायरच्या मधल्या रेषेवर खडूची रेघ ओढून पुढे आणि मागे, हबच्या उंचीवर मोजायचं. आणि नकलला स्टॉपर बोल्ट असतात ते नीट लावा, कारण बर्फील्ड जॉइंट सर्वात कमजोर असतो तो पूर्ण वळवलेल्या चाकावर. मोठा टायर, पूर्ण वळण आणि पाय अॅक्सिलरेटरवर, असे तीन एकत्र आले की जॉइंट फुटल्याचा आवाज कानात बसतो.

सगळं हलवून बघा

आता खरी परीक्षा. पाट्यांची फक्त मुख्य पट्टी ठेवून बाकीच्या काढा, म्हणजे साध्या जॅकने अॅक्सल पूर्ण वर ढकलता येईल. चासी घोड्यांवर, दोन जॅक अॅक्सलच्या दोन टोकांना. आधी दोन्ही वर, मग एक वर एक खाली, मग उलट. प्रत्येक अवस्थेत चाकं पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवायची. हे एकट्याने होत नाही. एक जण स्टिअरिंगवर, एक जण टॉर्च घेऊन खाली.

बघायचं काय? टाय रॉड किंवा डिफरन्शियल ऑइल पॅनला लागतो का. ड्रॅग लिंक पाट्याला घासते का. टायर फेंडरच्या कडेला किंवा फायरवॉलच्या पत्र्याला टेकतो का. पाटा दबताना अॅक्सल मागे सरकतो तेव्हा शाफ्टची स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा खाचांचा सांधा) शेवटपर्यंत आत जाऊन अडकते का. पूर्ण दबलेल्या अवस्थेत किमान एक इंच शिल्लक हवा, आणि पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत स्प्लाइन पुरेशी आत असली पाहिजे. ब्रेकचा होज लोंबलेल्या चाकाला पूर्ण वळण दिल्यावरही ताणला जाता कामा नये. शॉक अॅब्सॉर्बर दोन्ही टोकांना स्वतः कधीच अडू नये: वर बंपस्टॉपने (रबरी अडसराने) थांबवावं, खाली पाट्याने. सपाट उभ्या गाडीत बंपस्टॉपपर्यंत तीन-चार इंच मोकळे राहिले नाहीत तर गाडी सतत आपटत राहील.

जे लागेल ते या टप्प्यावर कापा, सरकवा, बदला. सगळं अजून टॅकवर आहे, म्हणून दहा मिनिटांत सुटतं.

पक्के वेल्ड

हँगरसाठी पाच-सहा मिलिमीटरची प्लेट आणि चासी तीनची. जाडीत एवढा फरक असला की आर्क जाड बाजूवर ठेवून पातळ बाजूला हलकेच आणावा लागतो. त्याच जाडीच्या भंगारावर सराव करा, सांधा करवतीने आडवा कापून बघा, आतपर्यंत धातू वितळला आहे का ते डोळ्यांनी पाहा. जरा जरी शंका वाटली तर गाडी टॅकवर ठेवून पक्के वेल्ड अनुभवी वेल्डरकडून मारून घ्या. जुळवणी तुमची, शिवण त्याची. त्यात कमीपणा काही नाही.

चासीवर सरळ उभा, वरपासून खालपर्यंत वेल्ड मारू नये. तिथेच चीर सुरू होते. प्लेटची टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी ठेवा म्हणजे जोर पसरतो. रंग, गंज, जस्ताचा थर पूर्ण घासून काढा. जस्ताच्या धुराने माणूस आजारी पडतो. आणि वेल्ड करायच्या जागेच्या आसपास क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पुसायचंच असेल तर अॅसिटोन वापरा आणि पूर्ण सुकू द्या. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांचे रोलर खराब करतो.

रस्त्यावर येण्याआधी आणि नंतर

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. ब्रेकची हवा काढून पेडल दगडासारखं घट्ट येईपर्यंत गाडी हलवायची नाही. मागची उंचीही वाढवली असेल आणि मागच्या अॅक्सलला वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याचा दांडा त्याच प्रमाणात वर घ्या. नाहीतर गाडी रिकामी आहे असं समजून तो मागचा ब्रेक कमी करतो.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. स्टिअरिंग मध्यावर येतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे बघा. मग हळूहळू वेग वाढवा. ६० ते ८० च्या दरम्यान पुढची चाकं जोरात फडफडायला लागली, तर ब्रेकवर जोरात पाय न देता वेग सावकाश उतरवा. बाजूला उभे राहून रॉडचे जॉइंट, नकलचे बेअरिंग, हब बेअरिंग, पाट्यांचे बुश यांतला प्ले (सैलपणा) एकेक तपासा. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) लावून फडफड दाबून टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नका; सैल झालेला भाग तसाच राहतो आणि आतल्या आत झिजत जातो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, हँगरचे बोल्ट आणि विशेषतः नकलवरच्या स्टिअरिंग आर्मचे स्टड टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. टोयोटाच्या नकलचे स्टड सैल होण्यासाठी प्रसिद्ध आहेत. नटवर पेंटची रेघ मारून ठेवली की पुढच्या वेळी सरकलेला नट लांबूनही दिसतो. दगडातल्या पहिल्या फेरीनंतर गाडी धुवा आणि नव्या वेल्डच्या कडांवरचा रंग टॉर्चने पाहा. रंगात बारीक रेघ उमटली असेल किंवा तिथून गंजाचा ओघळ आला असेल, तर खालचा धातू चिरला आहे. ती जागा घासून उघडी करा, वेल्ड पूर्ण काढा आणि मोठी प्लेट लावून नव्याने जोडा.